घाव स्नायूंवर, संकट मूत्रपिंडांवर

निरोगी प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. उतारवयात हे प्रमाण बरेच घटते, तरीही शरीरातील पोटॅशियमचा सर्वांत मोठा साठा स्नायूंतच राहतो. सोडियम बाहेर काढणारे आणि पोटॅशियम आत ओढणारे पंप प्रत्येक स्नायुपेशीच्या आवरणावर रात्रंदिवस चालू असतात आणि त्यांना सतत ऊर्जा लागते. रक्तपुरवठा तुटला, एखादे औषध किंवा विष भिनले, किंवा शरीराचे तापमान हाताबाहेर गेले, की ही ऊर्जा संपते. पंप थांबतात, कॅल्शियम पेशीत घुसते, स्नायुतंतू आकसून राहतात आणि पेशीतलीच विकरे पेशीला पोखरू लागतात. शेवटी आवरण फाटते आणि आतला ऐवज रक्तात उतरतो. त्यात पोटॅशियम असते, फॉस्फेट असते, क्रिएटिन कायनेज हे विकर असते (प्रयोगशाळेच्या अहवालात ते ‘सीपीके’ म्हणून दिसते) आणि मायोग्लोबिन हे लोहयुक्त तांबडे प्रथिनही असते. स्नायूंच्या या विघटनाला वैद्यकात रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. त्यातून मूत्रपिंडांना अचानक इजा झाली, तर तरुण रुग्ण बहुधा सावरतो. सत्तरी-ऐंशीतल्या रुग्णाचे तसे नसते. त्याच्यावरचा इलाज कागदावर तोच असला, तरी प्रत्यक्षात तो फार वेगळ्या हाताने करावा लागतो.

या आजाराची ओळख युद्धाने करून दिली. लंडनवर जर्मन विमाने बॉम्ब टाकत होती त्या काळात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेली काही माणसे सुरुवातीला ठीक वाटत. काही तासांत त्यांचा दबलेला पाय सुजे, रक्तदाब कोसळे, लघवी गडद होऊन आटे आणि आठवड्याभरात ती दगावत. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी १९४१ साली अशा चार रुग्णांची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. त्यांच्या मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांत तपकिरी साका अडकलेला दिसला होता. हे रंगद्रव्य स्नायूंतले मायोग्लोबिनच आहे, हे बायवॉटर्स यांनी पुढे काही वर्षांत दाखवून दिले. त्यानंतर हा विषय भूकंपांशी जोडला गेला. तुर्कस्तानातील १९९९ च्या मार्मारा भूकंपात ६३९ जखमींना मूत्रपिंडाचा त्रास झाला आणि त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले.

उपचाराची दिशा मात्र त्याआधीच्या एका छोट्या घटनेने ठरली होती. लेबनॉनमधील टायर शहरात १९८२ साली एक इमारत कोसळली. ढिगाऱ्यातून काढलेल्या सात जखमींना सुटकेच्या जागीच शिरेतून सलाईन सुरू केले गेले आणि पुढे भरपूर लघवी होत राहील एवढे द्रव चालू ठेवले गेले. सातांपैकी एकाचेही मूत्रपिंड बंद पडले नाही. पाणी लवकर द्यावे, हा धडा तेव्हापासून पक्का झाला. त्या सातांना सलाईनबरोबर सोडियम बायकार्बोनेट आणि मॅनिटॉलही दिले होते. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे या दोन औषधांना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त श्रेय मिळत राहिले.

मायोग्लोबिन हे लहान आकाराचे प्रथिन आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीतून ते सहज उतरते. थोडे असले तर नलिका ते पचवून टाकतात. फार झाले की तीन गोष्टी एकदम घडतात. सुजलेल्या स्नायूंत शरीरातले पाणी लिटरांच्या हिशेबाने शोषले जाते, रक्तातले पाणी कमी पडते आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. मायोग्लोबिन तर त्या वाहिन्या मोकळ्या ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही शोषून घेते. दुसरे म्हणजे, नलिकांमध्ये स्वाभाविकपणे असलेल्या एका प्रथिनाशी जोडी जमवून ते आम्लधर्मी, दाट लघवीत घट्ट होते आणि कालव्यात गाळ बसावा तसे साचते. तिसरे, त्यातले लोह नलिकांच्या पेशींना थेट जाळते. यांपैकी पहिली दोन संकटे पाण्याने टळू शकतात. पण ती वेळेवर टळायला हवीत, कारण गाळ एकदा घट्ट बसला की वरून कितीही पाणी ओतले तरी तो वाहून जात नाही.

आज या आजाराचा म्हातारा रुग्ण ढिगाऱ्याखालून क्वचितच येतो. तो बहुतेक वेळा घरातल्या फरशीवरून येतो. रात्री लघवीला उठलेला माणूस न्हाणीघरापाशी घसरतो, खुब्याचे हाड मोडते किंवा पक्षाघाताने एक बाजू लुळी पडते आणि त्याला उठता येत नाही. एकाच कुशीवर सगळा भार येतो. मांडी आणि नितंब यांच्या स्नायूंवरचा दाब तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतल्या दाबापेक्षा जास्त होतो आणि रक्त पोहोचेनासे होते. साधारण दोन तास स्नायू तग धरतात. चार ते सहा तासांनंतर होणारी हानी बहुधा कायमची असते. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशी आणि घरात एकटी आई किंवा एकटे वडील, ही महाराष्ट्रातल्या शहरांतच नव्हे, तर आता तालुक्याच्या गावांतही नेहमीची परिस्थिती आहे. अशा घरात पडलेल्या माणसाकडे कोणी यायला सकाळी कामाच्या बाई येण्याची वेळ व्हावी लागते. तोवर सात-आठ तास तोंडात पाण्याचा थेंब नसतो. हे शेवटचे बारीक वाटते, पण मूत्रपिंडांच्या दृष्टीने ते दाबाइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरे मोठे कारण औषधांचे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखणे हे बऱ्यापैकी आढळते. स्नायूंचे खरे विघटन मात्र फार दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात दोन-चार. त्या भीतीने कोणी आपली गोळी बंद करू नये. हृदयविकाराच्या रुग्णाला ती वाचवते त्या मानाने हा धोका किरकोळ आहे. धोका वाढतो तो दुसऱ्या औषधाच्या संगतीने. अटोर्वास्टॅटिन आणि सिमवास्टॅटिन यकृतातल्या ज्या विकराने मोडले जातात, तेच विकर क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध अडवून धरते. छातीतल्या कफासाठी पहिले आणि चिवट नायट्यासाठी दुसरे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. लिहिणारा डॉक्टर वेगळा असतो आणि हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी त्याच्यासमोर नसते. सेरिव्हास्टॅटिन नावाचे स्टॅटिन तर याच कारणाने २००१ साली जगभरच्या बाजारातून काढून घ्यावे लागले. जेमफिब्रोझिल या दुसऱ्या चरबीविरोधी औषधाबरोबर त्याने अनेकांचे स्नायू विघटित केले होते. संधिवातातले कोल्चिसिनही मूत्रपिंडे मंद असलेल्या वृद्धात स्नायूंना बाधते. न ओळखलेली थायरॉइडची कमतरता ही आणखी एक छुपी पार्श्वभूमी. अशा रुग्णात साधा डोसही जड पडतो.

तीव्र जंतुसंसर्ग, फ्लू, लांबलेले आकडीचे झटके, पोटॅशियम फार खाली जाणे ही कारणेही आहेत. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा उष्माघाताने आलेल्या म्हाताऱ्या माणसात डॉक्टर सीपीके तपासतात तेही यासाठीच. एका रुग्णात दोन-तीन कारणे एकत्र असणे हा वृद्धांतला नियमच म्हणावा. ताप होता म्हणून जेवणपाणी सुटले, अशक्तपणाने पडले, पडल्यावर उठता आले नाही आणि मूळच्या गोळ्या चालूच होत्या, अशी साखळी असते.

त्यात म्हाताऱ्या मूत्रपिंडांची राखीव क्षमता मुळात कमी. चाळिशीनंतर गाळण्याचा वेग दरवर्षी मिनिटाला साधारण एक मिलिलिटरने उतरत जातो. तहान लागण्याची जाणीव बोथट होते, लघवी दाट करण्याची ताकद कमी होते. उच्च रक्तदाबावरच्या काही गोळ्या (रामिप्रिल, टेल्मिसार्टन या गटातल्या), लघवी वाढवणारी गोळी आणि सांधेदुखीसाठी वेदनाशामक हे त्रिकूट एकत्र आले, तर पाणी कमी पडताच मूत्रपिंडातला दाब सांभाळण्याची सगळी यंत्रणा लंगडी होते. अंग ठणकते म्हणून जवळच्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन टोचून घ्यायचे, ही आपल्याकडची सवय. पडलेल्या आणि कोरड्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी तिच्याइतके अपायकारक दुसरे काही क्वचितच असेल.

निदान चुकण्याची शक्यताही याच वयात जास्त. स्नायूंत वेदना, अशक्तपणा आणि चहासारखी तांबूस-तपकिरी लघवी हे पाठ्यपुस्तकातले त्रिकूट एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसते. वृद्ध रुग्ण दुखते असे म्हणतच नाही. तो गोंधळलेला असतो, असंबद्ध बोलतो किंवा नुसता पडून राहतो. पाय जड झालेत, एवढेच काय ते सांगतो. खुब्याच्या हाडाकडे सगळ्यांचे लक्ष असते आणि एक्स-रे निघेपर्यंत लघवीकडे कोणी बघत नाही. खरे तर सर्वांत स्वस्त सुगावा तिथेच असतो. लघवीत पट्टी बुडवली तर ती रक्त असल्याचे दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ दिसत नाहीत. पट्टी मायोग्लोबिनलाही रक्तच समजते. हा विरोधाभास दिसला की स्नायूंचा संशय घ्यावा. मायोग्लोबिन मात्र रक्तातून काही तासांत निघून जाते, त्यामुळे उशिरा आलेल्या रुग्णात लघवी स्वच्छ असली म्हणून निर्धास्त होता येत नाही.

पक्के निदान सीपीकेवर होते. नेहमीच्या कमाल मर्यादेच्या पाचपट किंवा साधारण १००० युनिटच्या वर आकडा गेला की रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. इजेनंतर २ ते १२ तासांत तो वाढू लागतो, एक ते तीन दिवसांत शिखर गाठतो आणि इजा थांबली असेल तर पुढे दररोज साधारण ४० टक्क्यांनी उतरतो. उतरला नाही तर स्नायूंना अजून कुठेतरी मार बसतो आहे, असे समजावे. याच विघटनातून एसजीओटी हे विकरही वाढते. त्यामुळे ‘लिव्हरला सूज’ असा चुकीचा शेरा पडून पुढचे दोन दिवस सोनोग्राफीत जातात, असेही घडते.

क्रिएटिनिनच्या आकड्याने वृद्धांत जितकी फसगत होते तितकी दुसऱ्या कशानेही होत नसेल. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होते आणि कृश म्हाताऱ्या शरीरात ते मुळातच कमी असते. ऐंशी वर्षांच्या सडपातळ बाईंचा १.१ हा आकडा छापील मर्यादेत बसतो, पण तिचे नेहमीचे क्रिएटिनिन ०.६ असेल तर तेवढ्यातही मूत्रपिंडांचे निम्म्याच्या आसपास काम थांबलेले असू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय व्याख्या एका आकड्यावर नव्हे, तर बदलावर बेतलेली आहे. ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमची वाढ, सात दिवसांत मूळच्या दीडपट वाढ, किंवा सलग सहा तास वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी लघवी. घरातल्या जुन्या अहवालांची फाईल रुग्णाबरोबर नेणे किती उपयोगाचे असते ते इथे कळते.

सीपीके ५००० च्या आत राहिला तर मूत्रपिंडांना सहसा धोका नसतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तो वृद्धांना तसाच लावणे चुकीचे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आता बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका गुणांकात वय, लिंग, कारण, क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फेट, बायकार्बोनेट आणि सीपीके यांना गुण दिलेले आहेत. त्यात सीपीके ४०,००० च्या वर गेला तर दोन गुण मिळतात. ऐंशीच्या वरच्या वयाला तीन. एकूण गुण पाचाच्या खाली असले, तर डायलिसिसची किंवा मृत्यूची शक्यता तीन टक्क्यांच्या आसपास राहते. दहाच्या वर गेले तर ती निम्म्याहून जास्त होते. अहवालातला मोठा आकडा पाहून नातेवाईक धास्तावतात आणि लहान आकडा पाहून निश्चिंत होतात. या वयात दोन्ही प्रतिक्रियांना फारसा आधार नाही.

उपचाराचा पहिला भाग म्हणजे कारण तोडणे. स्टॅटिन आणि त्याला अडवणारे औषध लगेच थांबते. वेदनाशामके, रक्तदाबाच्या वर सांगितलेल्या गटातल्या गोळ्या आणि लघवीची गोळी काही दिवस बाजूला ठेवतात. मधुमेहाची मेटफॉर्मिनही थांबवून साखर इन्सुलिनने सांभाळली जाते. उष्माघात असेल तर शरीर थंड करणे, संसर्ग असेल तर योग्य प्रतिजैविक, थायरॉइड कमी असेल तर त्याची भरपाई. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते.

दुसरा आणि मध्यवर्ती भाग सलाईनचा. इजेनंतर पहिल्या सहा तासांत सुरू झालेले पाणी सर्वांत जास्त वाचवते. ढिगाऱ्यातल्या तरुण जखमीला सुरुवातीला ताशी एक लिटर सलाईन द्यावे आणि ताशी २०० ते ३०० मिलिलिटर लघवी उतरेल असे पाहावे, असा प्रघात आहे. हाच दर हृदय कमजोर असलेल्या ७८ वर्षांच्या माणसाला लावला, तर रात्रीत फुफ्फुसांत पाणी भरते. भीतीने हात आखडता घेतला, तर मूत्रपिंड जाते. वृद्धांतल्या या उपचाराची सगळी कसोटी या दोन चुकांमधल्या अरुंद जागेत आहे. ही जागा कुठल्याही तक्त्यावरून सापडत नाही, ती रुग्णापाशी बसून, पुन्हा पुन्हा मोजूनच सापडते.

व्यवहारात २५० ते ५०० मिलिलिटरचे हप्ते दिले जातात आणि प्रत्येक हप्त्यानंतर रुग्ण पुन्हा तपासला जातो. छातीत खालच्या बाजूला घरघर आहे का, श्वासाचा वेग वाढला का, बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजन उतरला का, मानेची शीर फुगली का, हे पाहिले जाते. सोनोग्राफीचे छोटे यंत्र खाटेशी असेल तर फुफ्फुसांतले पाणी आणि पोटातल्या मोठ्या शिरेची फुगवण दोन्ही थेट दिसतात. लघवी तासातासाला मोजायची असल्याने सुरुवातीला कॅथेटर घालावा लागतो. वृद्ध पुरुषांत वाढलेल्या प्रोस्टेटने लघवी अडली नाही ना, हेही त्यातून उलगडते. ताशी २०० चा आग्रह वृद्धांत बहुतेक डॉक्टर धरत नाहीत. त्याहून कमी पण स्थिर धार चालत असेल तर तेवढ्यावर समाधान मानतात. पहिल्या चोवीस तासांत दर सहा तासांनी पोटॅशियम, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि सीपीके पाहिले जातात.

पाणी कधी थांबवायचे हेही तितकेच महत्त्वाचे. लघवी स्वच्छ झाली आणि सीपीके ५००० च्या खाली उतरतीला लागला की सलाईन कमी करत नेतात. पुरेसे पाणी देऊनही लघवी सुरूच झाली नाही, तर मूत्रपिंड ‘जागे करण्यासाठी’ आणखी बाटल्या लावणे निव्वळ घातक असते. तिथून पुढे जेवढे बाहेर जाते तेवढेच आत, असा हिशेब धरतात.

सामान्य सलाईन भरपूर दिले की त्यातल्या क्लोराइडमुळे रक्त आम्लधर्मी होते. मग काही ठिकाणी द्रव बदलले जाते. चिरडलेल्या रुग्णात मात्र पोटॅशियम असलेली द्रवे टाळावीत, असेच मार्गदर्शन आहे. सोडियम बायकार्बोनेटने लघवीचे आम्ल कमी होते, त्यामुळे गाळ बसणार नाही, हा तर्क आकर्षक आहे. पण साध्या सलाईनपेक्षा त्याने मूत्रपिंडे जास्त वाचतात, असा भक्कम पुरावा मिळालेला नाही आणि आधीच उतरलेले कॅल्शियम त्याने आणखी उतरू शकते. रक्तातच आम्ल फार वाढले असेल तेव्हा त्याला जागा आहे. मॅनिटॉलचेही तेच. फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन देऊन लघवी ‘काढणे’ हा उपचार नव्हे. शरीरात जादा झालेले पाणी उतरवायचे असेल तेव्हाच ते योग्य.

या आजारात पहिल्या दोन दिवसांत अचानक मृत्यू येतो तो बहुतेक पोटॅशियममुळे. दबलेला पाय मोकळा झाला, रक्त पुन्हा वाहू लागले की तिथे साठलेले पोटॅशियम एकदम हृदयाकडे धावते. म्हणून तासन्‌तास पडून राहिलेल्या प्रत्येक वृद्धाचा ईसीजी अहवालांची वाट न पाहता काढायला हवा. टोकदार उंच लहरी दिसल्या तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलिलिटर शिरेतून सावकाश देतात. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाला काही मिनिटांचे कवच मिळते. त्यानंतर ग्लुकोजबरोबर इन्सुलिन आणि वाफेतून साल्ब्युटामॉल दिले की पोटॅशियम तात्पुरते पेशींत परत जाते. म्हाताऱ्या, मंद मूत्रपिंडांत इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळते आणि दोन-तीन तासांनी साखर धोकादायक उतरू शकते. त्यामुळे पुढचे सहा तास साखर तपासत राहावी लागते. ही तात्पुरती सोय असते. पोटॅशियम शरीराबाहेर जाण्याचे मार्ग लघवी, आतड्यात पोटॅशियम बांधणारी औषधे आणि डायलिसिस एवढेच.

इथे रुग्णाला भेटायला येणाऱ्यांचा एक प्रश्न आहे. आजाऱ्याला शहाळे न्यावे, मोसंबीचा रस द्यावा, ही आपली रीत. शहाळ्याच्या एका मोठ्या पेल्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. लघवी आटलेल्या रुग्णाला ते पाजणे म्हणजे डॉक्टर जे बाहेर काढू पाहत आहेत तेच आत घालणे. केळी, फळांचे रस, डाळींचे पाणी आणि ओआरएससुद्धा या काळात विचारूनच द्यावे.

कॅल्शियमची गोष्ट थोडी उफराटी आहे. मेलेल्या स्नायूंत कॅल्शियम जाऊन बसते, रक्तातला आकडा खाली जातो आणि तो पाहून भरपाई करण्याचा मोह होतो. पण बरे होताना तेच कॅल्शियम स्नायूंतून परत रक्तात येते आणि आकडा उलट वर जातो. म्हणून हातपाय वळणे, आकडी किंवा पोटॅशियमने हृदयाला धोका असल्याशिवाय बाहेरून कॅल्शियम देत नाहीत.

दबलेल्या मांडीची किंवा पोटरीची सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढते. स्नायूंभोवतीचे आवरण ताणत नाही, म्हणून आत दाब चढतो आणि उरलेल्या स्नायूचाही रक्तपुरवठा बंद होऊ शकतो. पाय दगडासारखा घट्ट होणे, बोटे हलवताच असह्य कळ येणे, बधिरता ही त्याची खूण. पण गोंधळलेल्या वृद्धाला ती सांगता येत नाही, त्यामुळे पायाला हात लावून दिवसातून अनेकदा पाहावे लागते. वेळ पडली तर शल्यचिकित्सक आवरणाला चीर देऊन दाब मोकळा करतात. असा पाय गरम तेलाने चोळण्याचा घरगुती उत्साह आवरलेला बरा.

एवढे करूनही काहींना डायलिसिस लागते. आटोक्यात न येणारे पोटॅशियम, वाढते आम्ल, फुफ्फुसांत भरलेले पाणी, युरिया चढून आलेली गुंगी ही त्याची कारणे. सीपीके फार आहे एवढ्यावरून डायलिसिस करत नाहीत, कारण नेहमीच्या गाळणीतून मायोग्लोबिन फारसे निघत नाही. विशेष मोठ्या छिद्रांच्या गाळण्यांनी ते निघते, पण त्याने रुग्ण जास्त वाचतात असे सिद्ध झालेले नाही. वृद्धांचा रक्तदाब डायलिसिसवर चटकन कोसळतो, म्हणून आयसीयूत सहा ते बारा तास चालणारे संथ डायलिसिस अनेकदा निवडले जाते.

‘एकदा डायलिसिस लागले की कायमचे लागले’ ही समजूत घराघरात आहे आणि तिच्यापायी संमतीला उशीर होतो. कायमच्या डायलिसिसवर असलेल्या शेजारच्या काकांचे उदाहरण डोळ्यांसमोर असते. त्यांचे मूत्रपिंड मधुमेहाने वर्षानुवर्षे झिजलेले असते. स्नायूंच्या इजेतले मूत्रपिंड मात्र मुळात धडधाकट असेल, तर त्याच्या नलिकांच्या पेशी पुन्हा उगवतात आणि डायलिसिस हा मधल्या काही आठवड्यांचा आधार ठरतो. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ पासून आपल्या यंत्रावर रुग्ण घेतले. १९४५ साली त्या यंत्रामुळे वाचलेली पहिली व्यक्ती ६७ वर्षांची एक स्त्री होती. तिच्या मूत्रपिंडाच्या बिघाडाचे कारण वेगळे होते, पण तोही अचानक झालेला, भरून येणारा बिघाड होता. अर्थात आधीच अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या नव्वदीच्या रुग्णाचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे ठरावीक दिवसांपुरते डायलिसिस करून पाहावे आणि उपयोग नसेल तर थांबवावे, असे नातेवाइकांशी आधीच बोलून ठेवणे हे उपचारांचेच अंग आहे.

सुधारणेची पहिली खूण म्हणजे लघवी वाढणे. काही दिवस ती इतकी होते की पाणी आणि पोटॅशियम दोन्ही उलट कमी पडू लागतात. आदल्या आठवड्यात ज्याला पाणी मोजून दिले जात होते, त्यालाच आता प्यायचा आग्रह करावा लागतो. बहुतेक रुग्णांची मूत्रपिंडे काही आठवडे ते तीन महिन्यांत सावरतात. वृद्धांत ती पूर्वीच्या पातळीपर्यंत नेहमीच पोहोचत नाहीत, त्यामुळे तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी पुन्हा करतात आणि त्यानुसार नेहमीच्या औषधांचे डोस नव्याने ठरवतात.

मूत्रपिंडांपेक्षा स्नायू सावरायला जास्त वेळ घेतात. म्हातारे माणूस दहा दिवस खाटेवर राहिले की पायांची ताकद झपाट्याने जाते, म्हणून फिजिओथेरपी आयसीयूतूनच सुरू होते. डायलिसिस संपल्यावर आहारातली प्रथिने कमी ठेवण्याचे कारण सहसा उरत नाही. थांबवलेल्या गोळ्यांपैकी रक्तदाबाच्या गोळ्या मूत्रपिंड स्थिर झाल्यावर एकेक करून, दर वेळी एक-दोन आठवड्यांनी पोटॅशियम तपासत परत आणतात. दोषी स्टॅटिन पुन्हा देत नाहीत. ज्याला हृदयासाठी ते खरोखर लागते त्याला सीपीके पूर्ववत झाल्यावर रोसुवास्टॅटिन किंवा प्रावास्टॅटिनसारखे वेगळ्या मार्गाने मोडले जाणारे औषध लहान डोसात सुरू करतात, किंवा एझेटिमाइबसारखा दुसरा पर्याय निवडतात. मूत्रपिंड मंदच राहिले असेल तर रोसुवास्टॅटिनचा डोसही मर्यादितच ठेवावा लागतो. घरी सोडताना चिठ्ठीवर टाळायच्या औषधांची नावे ठळक लिहून दिलेली असावीत आणि ती चिठ्ठी पुढच्या प्रत्येक डॉक्टरला, अगदी नायट्यासाठी गेले तरी, दाखवली जावी. पडण्याचे मूळ कारणही याच टप्प्यावर शोधले जाते. उभे राहताना रक्तदाब उतरतो का, रात्रीची झोपेची गोळी लागतेच का, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया राहिली आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाने फोन गळ्यात अडकवला आहे की दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवला आहे.